दलदल नव्हती, भाताची खार होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवी मुंबईच्या विकासावर काहीही छापून आले की त्यात एक वाक्य हमखास असते: पूर्वी इथे दलदल आणि ओसाड खाजण होते. इमारतींच्या माहितीपत्रकांत, शाळांतल्या भाषणांत, आपल्या पुरवणीतही मी ते वाचले आहे. ते खरे नाही. आणि ते खोडून काढू शकतील अशी माणसे एकेक करून जात आहेत, म्हणून हे पत्र.

माझे माहेर नवी मुंबईतले करावे हे गाव. आम्ही आगरी. 1970 साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली तेव्हा मी शाळेत होते. त्याआधीची खारीतली, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या जमिनीतली शेती मी पाहिली आहे, तिच्यात राबले आहे. गावाच्या पश्चिमेला खाडीपर्यंत भातच भात होता. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध, आणि त्या बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून रेटायचे आणि झडप आपोआप मिटायची. ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडायचे. पहिल्या पावसात जमिनीतले मीठ धुऊन निघू द्यायचे, मग मोड आलेले भात चिखलात फेकायचे. लावणी नाही, खत नाही. तांदूळ राता, लालसर. त्याची भाकरी आणि उघाडीवर बोकशीत (पिशवीसारख्या जाळ्यात) सापडलेली कोलंबी, हे पावसाळ्यातले आमचे रोजचे जेवण. दिवाळीनंतर कापणी उरकली की घरातले पुरुष मिठागरावर जायचे.

बांध राखणे हे कुणा एकाचे काम नव्हते. ज्याची जेवढी जमीन, तेवढी माणसे त्याने बांधावर द्यायची. माझे आजोबा अमावस्या-पौर्णिमेच्या आधी हातात काठी घेऊन बांधावरून चालत जायचे आणि खेकड्यांची बिळे शोधायचे. बीळ दिसले की काठी आत घालून खोली बघायची, मग पेंढा आणि चिखल कोंबून टाचेने दाबायचे. कारण उधाणाचे पाणी त्याच बिळातून वाट काढते आणि रातोरात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, जाते. रात्री कुणी ‘पानी चरला, बांदाव चला!’ अशी हाळी दिली की अख्खा गाव उठायचा, आजारी माणूससुद्धा. खारे पाणी एकदा आत शिरले की तीन-तीन पावसाळे भात धड होत नसे. एकाच्या हलगर्जीने सगळ्यांचे पीक जायचे, त्यामुळे भांडणे कितीही असोत, बांधावर सगळे एकत्र.

ओसाड दलदलीसाठी कुणी कायदा करत नाही. मुंबई सरकारने खार जमिनींसाठी 1948 मध्ये स्वतंत्र कायदा केला. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. काळा राता, भुरा राता या वाणांची नोंद शेतीशास्त्राने घेतलेली आहे.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. ठाणे तालुका आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले पनवेल, उरण मिळून 95 गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या लढ्यातून मिळाला. तो इतिहास निदान दरवर्षी आठवला जातो. पण ज्या शेतीसाठी ही माणसे उभी राहिली, ती शेती कशी होती हे कुणी सांगत नाही. गावे आहेत, गावदेवी आहे, आडनावे आहेत. बांध राखणारा समाज मात्र उरला नाही. भूसंपादन झाल्यावर बांधाकडे बघायला कुणी राहिले नाही. खांडी पडल्या, भरतीचे पाणी आत आले आणि आमच्या धाकल्या खारीत कांदळवन माजले. पाम बीच रस्त्यावरून जाणाऱ्यांना आता ते तिथे कायमचेच असेल असे वाटते.

शहर वसवताना अभियंत्यांनी सखल भागात भरतीचे पाणी शिरू नये म्हणून धारण तलाव (पाणी साठवून धरणारे तलाव) बांधले, त्यांना भरतीला मिटणाऱ्या झडपा बसवल्या. तत्त्व उघाडीचेच आहे. आज ते तलाव गाळाने भरले आहेत आणि जोराचा पाऊस व मोठी भरती एकत्र आली की रस्त्यांवर पाणी साचते. गाळ काढण्याची चर्चा दरवर्षी होते. त्या चर्चेत करावे, सारसोळे, दिवाळे इथल्या म्हाताऱ्यांना कुणी बोलावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पाणी कुठून शिरते आणि कुठे अडते, हे त्यांनी आयुष्यभर पायांनी मोजले आहे.

माझी विनंती अशी. महापालिकेने 1970 पूर्वीचे गावनकाशे आणि सातबारे काढून प्रत्येक खारीचे, बांधाचे, उघाडीचे नाव नोंदवावे आणि आजच्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या विभागात, ती जागा कुठे येते ते लिहावे. सत्तरी ओलांडलेली माणसे घरोघर आहेत, त्यांच्याशी बोलायला एक उन्हाळी सुट्टी पुरे होईल. विद्यार्थी पाठवा, मी स्वतः सोबत फिरेन. आणि आपल्या पुरवणीत यापुढे ‘दलदल’ऐवजी ‘भातशेती’ छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
माहेर करावे, राहणार ऐरोली, नवी मुंबई