महाविद्यालयीन अॅथलेटिक्सच्या प्रसिद्धीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आलेले फडेप्पा चौगुले आपल्या बेळगावचे. आज कॉलेजच्या मैदानावर त्यांचे नाव काढले तर पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दोष पोरांचा नाही, आपण सांगितलेच नाही. कॉलेजच्या खेळाडूंच्या बातम्या छापून आणणाऱ्या आमच्या मंडळाची धडपड चालते ती याचसाठी.

काम बाहेरून किरकोळ दिसते. लांब उडीच्या खड्ड्यापाशी उभे राहून पंचांच्या तक्त्यावरून चेस्ट नंबर, नाव, अंतर उतरवून घ्यायचे, पी.टी. सरांकडून नावाची खात्री करायची आणि पाने लागून छपाईला जायच्या आत मराठी व कन्नड दोन्ही दैनिकांना फोटोसह बातमी पोचवायची. उशीर झाला की बातमी शिळी. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचे कात्रण तिच्या वडिलांनी दूध डेअरीच्या फळ्यावर चिकटवले. ‘पोरगी कशाला पळते?’ म्हणणारेही तेच होते!

हा गाडा आजवर ओढला तो मोजक्या माणसांनी. शहापूरच्या छापखानामालकांनी स्मरणिकेच्या छपाईचे पैसे कधी मागितले नाहीत, उलट प्रुफातल्या चुकाही स्वतः काढून दिल्या. टिळकवाडीच्या निवृत्त क्रीडाशिक्षकांनी आपला कॅमेरा दिला, वर तो कसा धरायचा हे रोज मैदानावर येऊन शिकवले. खडेबाजारच्या कापड व्यापाऱ्यांनी न मागता बॅनरचे कापड पाठवले. वडगावच्या भगिनींच्या पोह्यांच्या डब्यांची आठवण तर आमचे वार्ताहर अजून काढतात. या सर्वांचे ऋण मंडळावर आहे.

गेल्या वर्षी मात्र काही पावतीपुस्तके कोरीच परत आली. शिवजयंतीच्या चित्ररथाला हात सैल सोडणाऱ्या गल्ल्यांतही ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकावे लागले. सत्काराच्या फोटोला गर्दी कमी नव्हती. असो.

स्पर्धा तोंडावर आल्या आहेत आणि सरांचा कॅमेरा आता चालेनासा झाला आहे. कॅमेरा, दोन विद्यार्थी वार्ताहरांचा बसखर्च, निकालांची पुस्तिका आणि प्रत्येक कॉलेजात लावायला चौगुल्यांवरचे भित्तिपत्रक, एवढ्यासाठी मदत हवी.

देणगी ५०० रुपयांपासून, रोख वा चेकने, पावती घेऊनच द्यावी. खजिनदार परगावी असल्याने १० तारखेपर्यंत सहचिटणीसांकडे. कार्यालय वाचनालयाच्या वर, संध्या. ६ ते ८, रविवारी बंद. जाहिरातीचा मजकूर महिनाअखेरपर्यंत, टाईप करून. घरात कॅमेरा पडून असेल तर तोही चालेल, चार्जर सोबत द्यावा.

आपला,
चिटणीस