काकू, विरजण न दिल्याबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून आत निघून जाता, म्हणून हे लिहून कळवतेय, तेही चारचौघांत. शिवाय हल्ली सोसायटीतल्या दोघीतिघी मला जिन्यात गाठून "तुझं सॉरडोचं विरजण थोडं दे ना गं" म्हणतात (सॉरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, आंबवलेल्या पीठ-पाण्याच्या विरजणाने फुगवलेला ब्रेड), आणि मी त्यांना तुमच्यासारखंच नाही म्हणतेय. का, तेही त्यांना इथे वाचता येईल.

तुमच्या फ्रिजमध्ये विरजणाची बरणी कायम भरलेली असते. चमचाभर दिलं असतंत तर माझं काम झालं असतं. पण तुम्ही म्हणालात, "आधी स्वतःचं लाव. मग बघू." दिलंत काय, तर सरळ उभ्या भिंतींची एक काचेची बरणी आणि एक रबरबँड. त्या दिवशी मला तुमचा थोडा रागच आला होता.

गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ, न चाळता, ५० ग्रॅम. पाणी ५० ग्रॅम, रात्रभर उघडं ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. पीठ चाळायचं नाही, कारण रानटी यीस्ट आणि आंबवणारे जीवाणू दाण्याच्या सालावर जास्त असतात. बरणीला पिठाच्या पातळीवर रबरबँड लावायचा, म्हणजे किती चढलं ते दिसतं. रोज निम्म्याहून जास्त काढून टाकायचं आणि तेवढंच ताजं पीठ-पाणी घालायचं. काढलेल्याची धिरडी करायची. (कांदा-मिरची घातलेली ही धिरडी आमच्याकडे ब्रेडपेक्षा जास्त खपतात, हे तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं.)

दुसऱ्याच दिवशी ते फसफसून दुप्पट झालं आणि मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "नाचू नकोस. हे यीस्ट नव्हे. आता ते गप्प बसेल, तेव्हा फेकू नकोस." आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या बाईशेजारी राहण्याचा हा फायदा. सुरुवातीचा तो फेस बहुतेक ल्युकोनोस्टॉकसारख्या जीवाणूंचा असतो, आपलं इडलीचं पीठ फुगवणारे तेच. ते वायू सोडतात, आम्लही तयार करतात आणि वाढत्या आम्लात स्वतःच मागे पडतात. मग आंबटपणा सोसणारे लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणि यीस्ट सावकाश वर येतात. मधले काही दिवस बरणीत काहीच घडत नाही असं वाटतं. माझी खात्री आहे की घरोघरी बहुतेक विरजणं याच दिवसांत मोरीत ओतली जातात.

माझं टिकलं, कारण तुम्ही मला रोज एक काम लावून दिलं होतं. झाकण काढल्यावर डोळ्यांनी बघण्याआधी वास घ्यायचा आणि तो कसला ते मोठ्याने बोलायचं. पहिल्यांदा कोंदट, न वाळलेल्या कपड्यांसारखा. मग दह्याचा. मग एका सकाळी पिकल्या फळाचा, किंचित दारूकडे झुकणारा. तुमचं माहेर गोव्याचं. तिकडे पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, पावाचं पीठ माडाच्या सुरेने (माडीने) आंबवत, हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत, आणि सुरेतही असंच झाडावरून आलेलं यीस्ट असतं म्हणालात.

मग ब्रेड. इथे तुमचा स्वभाव मला नीट कळला. वजनात तुम्ही सोनाराइतक्या काटेकोर. मैदा ४०० ग्रॅम, गव्हाचं पीठ १००, पाणी ३५०, विरजण १००, मीठ १०. सगळं पिठाच्या टक्केवारीत मांडायचं: पीठ १००, पाणी ७०, विरजण २०, मीठ २. वाटी, चमचा, अंदाज काही चालत नाही. पण किती वेळ ठेवू असं विचारलं की तुम्ही उलटा प्रश्न टाकता. "ओट्यावर तापमान किती आहे?" "कडेला बुडबुडे दिसतात का?" "ओलं बोट दाबलंस तर खळगा भरतो का, आणि किती सावकाश?"

तेव्हा चिडचिड व्हायची. परदेशातल्या पाककृतींत पहिलं आंबवणं बहुतेक २४-२५ अंशांना धरलेलं असतं. आपल्या पुण्यात मे महिन्यात माझं स्वयंपाकघर ३३ वर असतं, डिसेंबरात सकाळी २० च्या खाली. मेमध्ये साडेतीन तासांत जे होतं त्याला थंडीत अख्खा दिवस लागतो. तुमच्या सांगण्यावरून मी कालनिर्णयच्या चौकोनात रोजचं तापमान आणि पीठ किती वेळात दीडपट झालं ते लिहायला लागले. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी ते आकडे साठत गेले आणि उन्हाळा लागला तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं, की विरजण १० टक्क्यांवर आणते आणि पाणी थंड घेते. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तुमच्याकडून हं म्हणजे पुष्कळ.

हल्ली सजगतेचं फार पेव फुटलंय. ब्रेड करा, मन शांत होईल, असं जो तो सांगतो. माझं मन काही शांतबिंत होत नाही. पीठ हाताला चिकटत असतं, खाली कुकरची शिट्टी होते, कोणीतरी बेल वाजवतं. तुम्हीही कधी शांततेचा शब्द काढला नाहीत. तुमची अट एवढीच, की दर अर्ध्या तासाने पिठाच्या घड्या घालायच्या त्या दोन मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत. ओल्या हाताने एक बाजू उचलायची, ताणायची, पलीकडे दुमडायची, भांडं फिरवायचं. पहिल्या घडीला पीठ तुटतं. तिसऱ्या-चौथ्या घडीला ते चादरीसारखं लांबतं, म्हणजे ग्लुटेन, पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, जुळलं. दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. त्यात ती दोन मिनिटं मला वेगळी मिळतात, आणि तुम्ही त्याला कुठलंही भारदस्त नाव दिलं नाहीत हे फार बरं केलंत.

सामानाच्या बाबतीतही तुम्ही माझे पैसे वाचवलेत. वेताची परदेशी टोपली मी मागवणारच होते, तर तुम्ही माळ्यावरून तांदूळ धुवायची रोवळी काढलीत, तिच्यात सुती पंचा अंथरलात आणि तांदळाचं पीठ भुरभुरलंत. गव्हाचं पीठ ओल्या गोळ्यात मुरतं आणि कापड चिकटतं, तांदळाचं तितकं मुरत नाही. रात्रभर रोवळी फ्रिजमध्ये. सकाळी ओटीजीत बिडाची कढई २३० अंशांवर चांगली तापवायची, गोळा बटर पेपरवर उलटा करून दाढीच्या ब्लेडने एक चीर द्यायची आणि वर जड झाकण. पिठातलीच वाफ आत कोंडली की साल लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला वाव मिळतो. वीस मिनिटांनी झाकण काढायचं, मग रंग येईपर्यंत आणखी तितकंच. कढई काढताना जाड फडकी दोन घ्यावीत, हे मी जिन्यातल्या मैत्रिणींसाठी लिहितेय.

आणि गरम ब्रेड कापायचा नाही, निदान तासभर तरी, कारण आतला स्टार्च बसायचा असतो. आधी कापला तर सुरीला लगदा लागतो. घरातले सगळे सुरी घेऊन उभे असताना हा नियम पाळणं बाकी सगळ्यापेक्षा अवघड आहे. आमच्याकडे तो मोडतो.

तर मैत्रिणींनो, बरणी आणि रबरबँड माझ्याकडून घेऊन जा. काकूंचं विरजण मला पुढे मिळालंही, पण तोवर माझं चांगलं चालायला लागलं होतं, म्हणून ते मी धिरड्यांत संपवलं. हेही काकूंना आत्ताच कळतंय.

काकू, एक अडलंय. खपली गव्हाचं पीठ आणलंय. त्याचं ग्लुटेन दुबळं म्हणून मी निम्मा मैदा धरला आणि पाणी ६५ टक्क्यांवर आणलं, तरी गोळा रोवळीतून काढला की पसरतो. घड्या कमी घालू की फ्रिजमध्ये कमी ठेवू? रविवारी सकाळी गोळा घेऊनच वर येते. तापमान लिहून आणते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची