मालवणच्या प्रवाळावर पडणारे नांगर थांबवण्यासाठी मदतीचं आवाहन

मालवणकर, मुंबई-पुण्यातले आमचे चाकरमानी आणि दरवर्षी किल्ला बघायला, पाण्यात उतरायला येणारे पाहुणे, सगळ्यांना नमस्कार.

आम्ही बंदरातले न्हय (पाण्यात उभी लावायची जाळी) मारणारे मच्छीमार, प्रवासी होड्यावाले आणि स्नॉर्कलिंगला माणसं नेणारी मुलं. सगळे मिळून एका कामाला हात घालतो आहोत. ते आमच्या एकट्याच्या खिशातून होणारं नाही, म्हणून हे आवाहन.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, प्रवाळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की होडीतूनही त्याचे तपकिरी-हिरवट गोळे दिसतात. सुट्टीच्या दिवसांत एकाच जागी होड्यांची गर्दी होते आणि प्रत्येक होडी आपला नांगर टाकते. नांगराचा दात प्रवाळात अडकतो, वारा फिरला की होडी फिरते आणि दोर खाली करवतीसारखा घासत राहतो. निघताना नांगर ओढला की त्याबरोबर प्रवाळाचं ढेकूळ उपटून येतं. खाली पांढरीफटक जखम उरते. गोळ्यासारखं वाढणारं हे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. टोपलीएवढा गोळा व्हायला निदान वीसेक वर्षं लागतात. तो उपटायला एक मिनिट पुरतं.

यात होडीवाल्यांचा दुष्टपणा नाही. होडी बांधायला दुसरं काही नाही, म्हणून नांगर पडतो. त्यावरचा उपाय साधा आहे. प्रवाळापासून दूर, वाळूच्या तळावर जड ठोकळा बसवायचा, त्याला साखळी आणि दोर जोडून वर तरंगता बोया सोडायचा. होड्यांनी बोयाला दोर बांधावा, नांगर होडीतच ठेवावा. जागा वन विभागाच्या परवानगीनेच ठरतील. वर्षातून एकदा, मे महिन्यात, बोये काढून दोर तपासावे लागतील, कारण पावसाळ्यातली लाट काहीच शिल्लक ठेवत नाही. खरा खर्च हाच आहे. बसवणं एकदाच असतं, देखभाल दरवर्षी. देणगी देताना हे लक्षात घ्यावं, ही विनंती.

दुसरं काम तुटक्या जाळ्यांचं. खडपात अडकून सुटलेली तंगुसाची (नायलॉनच्या धाग्याची) जाळी कुजत नाही. तिथेच पडून ती वर्षानुवर्षं मासे मारत राहते. गोबरा, तांबोशी, शेवंड असं काय काय तिच्यात सापडतं, आणि ते कोणाच्याच पाटीत येत नाही. अशी जाळी खेचून काढली तर सोबत प्रवाळही तुटतं. पाणबुड्याने खाली बसून ती कात्रीने थोडी थोडी कापावी लागते. आमच्यातली डायव्हिंग शिकलेली मुलं हे करायला तयार आहेत. त्यांना सिलिंडर भरण्याचा, होडीच्या तेलाचा आणि कात्र्या-हातमोज्यांचा खर्च हवा आहे.

मालवणचा हा समुद्र महाराष्ट्रातलं पहिलं सागरी अभयारण्य आहे. 13 एप्रिल 1987 रोजी ते जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. त्यात किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या खडपांचा मिळून 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे सर्वांत कडक राखणीचा भाग. जाहीर झालं तेव्हापासून गावात त्याला विरोध आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्याला, छोट्या पातीवाल्याला (लहान होडीवाल्याला) आपलाच किनारा आपल्याला बंद होईल अशी धास्ती वाटली, आणि ती उगाच नव्हती. बाहेरच्या ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक होड्यांनी किनाऱ्याजवळ येऊन समुद्र खरवडायचा आणि बंधनं मात्र न्हयवाल्यावर, असं झालं तर कोण मानेल? आमचं मत स्पष्ट आहे. खडपावरचं प्रवाळ आणि पारंपरिक मच्छीमार यांना एकमेकांविरुद्ध उभं करू नये. लहान मासा याच कपारींत लपून मोठा होतो आणि मग आमच्या जाळ्यात येतो. गाभा राखला तर पहिला फायदा आम्हालाच आहे. म्हणून राखणीतही आम्ही पुढे असायला हवं.

मच्छीमार बांधवांना एक आठवण. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) सापडली आणि जाळं कापून तिला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य सरकारची योजना डिसेंबर 2018 पासून आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. मोबाइल हातात असेल तर आधी दोन फोटो काढा, मग सुरी चालवा. अर्ज भरायला आम्ही मदत करू.

आता मागणं. पैसे देता येतील त्यांनी पैसे द्यावेत, शंभर रुपयेही चालतील. दोर, साखळी, जाड प्लास्टिकचे बोये, वापरात असलेल्या डायव्हिंगच्या वस्तू दिल्यात तरी घेऊ. हॉटेलवाल्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: प्रवाळावर उभं राहू नका, ते तोडून नेऊ नका, माशांना पाव टाकू नका. चाकरमान्यांनी दिवाळीला गावी याल तेव्हा एक सकाळ द्यावी. बाहेर काढलेली जाळी किनाऱ्यावर सोडवून, वाळवून, वेगळी करायला माणसं लागतात आणि त्याला पोहता येण्याची गरज नाही.

देणगीची पावती जागेवर मिळेल. पावतीशिवाय कोणाच्याही हातात रोख देऊ नका, आमच्यापैकी कोणी मागितली तरी. दर महिन्याचा जमाखर्च बंदर जेटीवरच्या फळ्यावर लागेल. दिवाळीच्या गर्दीआधी पहिले बोये पाण्यात सोडायचे आहेत, तेव्हा देणार असाल ते दसऱ्यापर्यंत पोहोचवा.