मंदीतून सावरणे आणि थकलेली बिले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंदीनंतर उद्योग कसे सावरले, याची चर्चा बहुधा मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदांवरून होते. त्यांना माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांवर त्या काळात काय गुदरते, हे क्वचितच छापून येते, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी फाउंड्री, म्हणजे वितळवलेला धातू साच्यात ओतून यंत्रांचे भाग बनवणारा कारखाना, आहे. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली, पाठोपाठ इकडे ट्रकची मागणी घसरली, वाहन कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, जाहीर केले आणि आमचे शेड्यूल, म्हणजे ठरलेल्या पुरवठ्याच्या ऑर्डरी, दोन ओळींच्या ई-मेलने थांबले. तेव्हा आम्ही घाबरून निम्मे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, कमी केले, आणि ती आमची मोठी चूक होती. पुढे मागणी परतली तेव्हा भट्टी जागेवर होती, वाळूत साचा उठवण्याचे ठोकळे, म्हणजे पॅटर्न, फडताळात होते; पण वाळू मुठीत दाबून तिची ओल अचूक सांगणारी माणसे दुसरीकडे लागली होती. नवख्या हातांनी केलेल्या साच्यांतून निघालेल्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, इतके ब्लोहोल (वायूमुळे पडणारी छिद्रे) निघत की बराचसा माल पुन्हा भट्टीत टाकावा लागे.

म्हणून २०१९ मध्ये वाहन उद्योग पुन्हा मंदावला तेव्हा आम्ही एकाही मोल्डरला घरी बसवले नाही. एकच पाळी ठेवली, आम्हा घरच्यांचा स्वतःचा पगार बंद केला आणि ट्रॅक्टर व पंपांच्या कास्टिंगची कामे शोधली. २०२० च्या टाळेबंदीनंतर ट्रॅक्टरची मागणी ट्रक-मोटारींच्या आधी सावरली आणि आमची भट्टी पेटती राहिली.

मात्र असा बदल फुकट होत नाही. नवे पॅटर्न, नमुने, ग्राहकाची मंजुरी यांत सहा-सात महिने सहज जातात आणि तोवर पगार द्यावेच लागतात. आमच्याकडे त्यासाठी पैसा होता, पण तो एका मोठ्या ग्राहकाकडे चार महिने अडकून पडला होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तरीही मी तक्रार केली नाही, कारण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल याची खात्री कोण देणार? २०२४ पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत ती थकवणाऱ्या ग्राहकाच्या आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही, हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण मार्चअखेर हिशेब मिटवला की त्याचा धाक संपतो, आणि आम्हाला तर पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांपलीकडे थकवणाऱ्या कंपन्यांना त्याची माहिती दर सहामाहीला सरकारकडे द्यावी लागते. त्या माहितीवरूनच, पुरवठादाराच्या तक्रारीची वाट न पाहता, वसुलीची कारवाई सुरू व्हावी, अशी तरतूद सरकारने करावी आणि आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, कोल्हापूर