तेल-लिंबू पिऊन पित्ताशयातले खडे पडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पित्ताशयातल्या खड्यांवर घरगुती उपाय या विषयावर पेपरांच्या आरोग्य पानांवर आणि वॉट्सॲपवर सतत काही ना काही येत असतं, आणि त्यातला एक उपाय मला फार खटकतो म्हणून हे पत्र. आधी काही दिवस सफरचंदाचा ज्यूस प्या, मग एका रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस कपभर प्या, सकाळी खडे संडासवाटे बाहेर, ऑपरेशनची गरजच नाही. हे असं बिनधास्त लिहिलेलं असतं आणि लोक खरंच करतात हो.

माझ्या बहिणीने केलं. सकाळी हिरवट, मऊ, मटारएवढ्या गोळ्या पडल्या, तिने त्या चाळणीत धुतल्या, फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, दोघातिघांनी तर कृती मागून घेतली. नंतर सोनोग्राफी झाली तर खडे जिथल्या तिथे, साइजसुद्धा तीच. मग त्या गोळ्या कसल्या होत्या? 2005 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये अगदी असाच प्रकार छापून आलाय, एका बाईने तेल-लिंबू घेतल्यावर पडलेले असे 'खडे' डॉक्टरांनी लॅबमध्ये तपासले, तर 40 डिग्रीला ते वितळून त्याचं हिरवं तेलकट पाणी झालं, त्यात ना कोलेस्टेरॉल सापडलं ना बिलिरुबिन, म्हणजे खरे खडे ज्याचे बनतात त्यातलं काहीच नव्हतं. पोटात गेलेलं तेल आणि लिंबू यांचाच पचनमार्गात साबणासारखा गोळा होतो. नुसतं तेल-लिंबू प्यायलं तर खडे नसलेल्या माणसालाही अशा गोळ्या पडू शकतात.

उपयोग नाही एवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये आणि साठतं पित्ताशयात, साधारण 30 ते 50 मिली. तेलकट खाल्लं की आतड्यातून एक हार्मोन सुटतं आणि त्यामुळे पित्ताशय आवळतं, त्या वेळी एखादा खडा तोंडाशी अडकला की ॲटॅक येतो, म्हणजे हार्टचा नव्हे, पित्ताशयाच्या कळेचा. रात्रीच्या जड जेवणानंतर तास-दोन तासांत उजव्या बाजूला बरगडीखाली नाहीतर छातीच्या खाली मधोमध दुखायला लागतं, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली कळ जाते, कसंही बसा, कसंही झोपा, आराम पडत नाही, सोबत उलट्या. आता ज्या पित्ताशयाला तेलाने कळ येते त्यालाच कपभर तेल पाजायचं हा कुठला उपाय?

आणि समजा त्या जोराने एखादा बारीक खडा खरंच सुटला तर तो थेट संडासात जात नाही, आधी पित्ताच्या मुख्य नळीत उतरतो. ही नळी साधारण 6 मिलिमीटर रुंद, तिच्या शेवटच्या तोंडाशी स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. तिथे खडा अडकला तर कावीळ होते, नळीत इन्फेक्शन होतं, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते, ज्याला डॉक्टर पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, आणि त्यातून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. म्हणून 'खडे बारीकच आहेत, काळजी नको' हे जे म्हणतात ना ते बरोबर नाही, नळीत उतरायला बारीक खडेच सोपे असतात.

दुसरा गोंधळ मूतखड्याचा. मूतखडा भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथेही तांबेच्या तांबे पाणी प्यायला सांगतात. पण पित्ताशयाचा आणि लघवीच्या मार्गाचा संबंधच नाही, पाण्याने हा खडा हलणार नाही. खडे विरघळवायची गोळी आहे, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, पण ती फक्त कोलेस्टेरॉलच्या बारीक खड्यांवर चालते, सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते आणि विरघळलेले खडे नंतर बऱ्याच जणांना परत होतात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दिली तर घ्यावी, शेजाऱ्याने सांगितली म्हणून नाही.

मग घरी करण्यासारखं काहीच नाही का, तर आहे, आणि ते छापून यायला पाहिजे. ॲटॅक आला की खाणं बंद, पाणी हवं तर घोट घोट. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली पेनकिलर असेल तर ती घ्यायची, या दुखण्यात डायक्लोफेनॅक प्रकारची औषधं देतात पण अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा प्रेग्नन्सी असेल तर ती मनाने अजिबात घ्यायची नाहीत. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेकलं तर बरं वाटतं, त्याने खडा सरकत नाही पण तेवढाच आराम. आणि कळ किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुखण्यात वेळेचं भान राहत नाही आणि हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतात. साधा ॲटॅक काही तासांत आपोआप ओसरतो, पाच-सहा तास झाले तरी थांबत नसेल तर पित्ताशयाला सूज आलेली असू शकते.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, संडास मातीसारखी फिकट, घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, किंवा मधोमध सुरू होऊन पाठीत आरपार जाणारी जोरदार कळ, यातलं एकही दिसलं तर पाच-सहा तासांची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. म्हाताऱ्या माणसांना आणि डायबिटीसवाल्यांना आत बिघडलेलं असूनही दुखणं कमी जाणवू शकतं, त्यांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. आणि खडे आहेत हे माहीत असलं तरी छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते हार्टचं समजून आधी ईसीजी काढून घ्या. 'नेहमीचंच पित्त आहे' म्हणून अँटासिड घेऊन झोपणं जिवावर बेतू शकतं.

दोन ॲटॅकच्या मधल्या काळात तळलेलं, साय-लोणी कमी करावं, जेवणाच्या वेळा पाळाव्यात. पण घाबरून एकदम उपाशी राहायचं किंवा तेल पूर्ण बंद करायचं हेही चुकीचं, कारण पित्ताशय रिकामंच झालं नाही की पित्त आत साचून राहतं आणि त्यातून आणखी खडे होतात. झटपट वजन उतरवणाऱ्यांना, आठवड्याला दीड किलोच्या वर, हा त्रास जास्त होतो.

लोक हे उपाय का करतात ते मला कळतं. ऑपरेशनची भीती असते, खर्च असतो, घरात मागे कोण बघणार हा प्रश्न असतो, आणि 'पित्ताशय काढलं की आयुष्यभर पचन बिघडतं' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. तर पित्त बनवणारं लिव्हर जागेवरच असतं, पित्ताशय काढल्यावर पित्त सरळ आतड्यात उतरतं, काहींना सुरुवातीला पातळ होतं, बहुतेक जण नेहमीसारखं जेवतात. हे ऑपरेशन पहिल्यांदा 1882 साली बर्लिनमध्ये लँगेनबुख या सर्जनने केलं, आणि दुर्बिणीतून 1985 साली जर्मनीतच म्यूहं यांनी, म्हणजे डॉक्टरांना याची चांगली सवय आहे. नुसते खडे काढून पित्ताशय ठेवत का नाहीत, असंही विचारतात, तर ते ठेवलं की परत खडे होतात म्हणून. आणि दुसरीकडे हेही सांगायला हवं की प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. बहुतेकांचे खडे आयुष्यभर काही त्रास देत नाहीत, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते सापडतात, अशांनी घाबरून जायचं कारण नाही. पण एकदा ॲटॅक येऊन गेला की पुढचा यायची शक्यता बरीच असते, तेव्हा सर्जनला गाठून शांतपणे ठरवावं, मध्यरात्री इमर्जन्सीत ठरवायची वेळ येऊ देऊ नये.

माझी विनंती एवढीच की तेल-लिंबाचा हा उपाय पेपरात छापू नये. आणि खड्यांवर घरगुती उपायांचं काहीही छापलं तर शेजारी ठळक चौकटीत हॉस्पिटलला कधी जायचं ते द्यावं, ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, न थांबणारी उलटी, पाच-सहा तासांच्या वर दुखणं, छातीत दडपण. दोन-तीन ओळींत मावतं.

आपली एक नियमित वाचक