समासातल्या त्या दोन ओळींसाठी

आदरणीय सर,

तुमचे आभार मी त्याच दिवशी इंग्रजीतून मानले होते, पण ते मला फार अपुरे वाटले. मनातलं सगळं मराठीतच नीट उतरतं. शिवाय अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या एका वाचनालयात स्वयंसेवक म्हणून बसणारा निवृत्त शिक्षक परक्या बाईसाठी काय करतो, हे माझ्या माणसांनाही कळायला हवं. म्हणून हे उघड पत्र.

माझे वडील फौजेत होते. मागे '५६ एपीओ' असा फौजी टपालाचा पत्ता असलेलं आंतर्देशीय लांबलं की आईचं जेवणावरून मन उडायचं. त्यामुळे अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२-६३च्या हिवाळ्यात, इथे रॅपाहॅनॉक नदीकाठी तळ ठोकून बसलेल्या दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेल्या राज्यांच्या, सैन्याबद्दल वाचताना मला लढाईपेक्षा त्यांच्या टपालाचंच जास्त लागून राहिलं. घरून पत्र आलं नाही की ही पोरं काय करत असतील?

तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांचंही सांगते. एका मार्गदर्शकाने सेनापतींची नावं आणि तोफा ऐकवल्या, पत्रांचा विषय काढताच घड्याळ पाहिलं. दुसरीकडे 'आमच्या शूर पूर्वजांचा वारसा' हे एकच पालुपद. गुलामगिरी म्हटलं की चेहरे आंबट. आणि एका शिकल्यासवरल्या बाईंनी तर असल्यांची पत्रं वाचायचीच कशाला, म्हणून मलाच फैलावर घेतलं. माझा प्रश्न कुणी पुरता ऐकूनही घेतला नाही.

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि दक्षिणेतल्याच जॉर्जिया राज्याच्या एका शिपायाचं पत्र काढलंत. कागदाची एवढी टंचाई, की पान भरल्यावर ते आडवं धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलेलं. मला नुसतं शाईचं जाळं दिसत होतं. तुम्ही पान फिरवत सावकाश वाचत गेलात. ओंडक्यांची, चिखलाने लिंपलेली खोपटी आणि आतच कोंडणारा धूर. मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या धान्याचा काढा. खरी कॉफी नदीपलीकडे, शत्रूकडे, म्हणजे उत्तरेच्या सैन्याकडे. पहारेकरी छोट्या होड्या सोडून तिच्या बदल्यात तंबाखू द्यायचे. पगार महिना ११ डॉलर, तोही वेळेवर नाही. सैनिकाला तिकिटाविना पत्र टाकता यायचं, पण मग टपालाचे १० सेंट घरच्यांना भरावे लागत, आणि ते बायकोच्या माथी मारताना त्याचा जीव तुटत होता. मग प्रश्नांवर प्रश्न. डुकरं मारली का? मका पुरेल ना? धाकटी चालायला लागली का? गावाकडचं म्हणून तो दुसऱ्याला आलेलं पत्रही ऐकायला जाऊन बसायचा. हे ऐकून मला रडूच आलं.

त्या पत्राची टाइप केलेली प्रत तिथे संपत होती. तुम्ही मात्र मूळ पान उलटं धरून समासातल्या दोन ओळी वाचल्यात. त्या शिपायाच्या घरचा एक गुलाम स्वयंपाकाला, धुण्याला म्हणून छावणीत आणलेला होता. तो बरा आहे, स्वतःच्या बायकोला निरोप सांगतो, तिची खुशाली विचारतो, एवढंच. ज्या आवाजात लेकीचं वाचलंत त्याच आवाजात हेही, जराही घाई न करता. जॉर्जियात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं १८२९पासून गुन्हा होता, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे या माणसाला बायकोशी बोलायला मालकाच्या पत्राचा समास, आणि उत्तर येणार ते मालकिणीच्या पत्रातून, तिला लिहावंसं वाटलं तर!

आणि मग तुम्ही जे केलंत, ते मी विसरणार नाही. पेन्सिल घेऊन एका कोऱ्या चिठ्ठीवर त्या दोन ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्यात. त्या गुलामाचं नाव पुन्हा पानाशी ताडून पाहिलंत. चिठ्ठी टाइप केलेल्या प्रतीत ठेवलीत, पुढच्या वाचणाऱ्याकडून ते सुटू नये म्हणून. कुणी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

जॉर्जियाचेच अलेक्झांडर स्टीफन्स दक्षिणेच्या सरकारचे उपाध्यक्ष होते. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, ही आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे, असं ते मार्च १८६१मध्ये जॉर्जियातल्या सव्हॅना शहरातल्या भाषणात उघड बोलले. त्या सरकारसाठी हा शिपाई कुडकुडत होता. त्याची घराची ओढ खरी होती आणि त्याच्याच चुलीपाशी राबणाऱ्या माणसाला त्याने घरापासून तोडलं होतं, हेही खरं. तुम्ही एकाच्या दुःखाने दुसऱ्याचं झाकलं नाहीत. अशी भली माणसं मला थोडीच भेटली. आमच्या गावचे पोस्टमन तसे होते. टपाल उशिरा आलं तर संध्याकाळी पुन्हा सायकल काढून फौजेचं तेवढं पत्र देऊन जायचे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, तुमचे राहू नयेत.

आईला फोनवर सगळं सांगितलं. शिपायाच्या बायकोचं उत्तर त्या संग्रहात आहे का आणि त्यात त्या दुसऱ्या बाईची काही खुशाली आहे का, एवढं तिने विचारायला सांगितलंय. शनिवारी येते. फोल्डर काढून ठेवाल?

तुमची ऋणी,
फौजीची मुलगी