हेडलाइटमध्ये पाणी गेलं की आधी सिलिकॉन फासू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय आणि आता जो तो गाडीचे वायपर, टायर, ब्रेक बघून घेईल, पण हेडलाइटच्या आत साठणाऱ्या पाण्याकडे कुणी बघत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी चिपळूणची, माहेर कराडचं, आई तिकडे एकटी असते त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट करावाच लागतो, आणि पुष्कळदा परतताना अंधार पडलेला असतो. पोफळीच्या वरती धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही हे तिकडून जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या जुलैत एका रात्री डावीकडचा उजेड एकदम पिवळट आणि पसरट वाटायला लागला. घरी येऊन बघते तर हेडलाइटच्या तळाशी चक्क बोटभर पाणी, काचेला आतून थेंब लोंबतायत. दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेले, तिथल्या माणसाने हेडलाइट उघडला नाही की वाळवला नाही, पाणी तेवढं ओतून टाकलं आणि एक पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब घेऊन काचेच्या कडेने सगळीकडून फासली, मागच्या बाजूलाही जिथे भोक दिसलं तिथे भरली. शिरक्यासारखा आंबट वास येत होता. बेसिन, खिडक्या वगैरेला लावतात तेच ते. पंधरा दिवसांत आत आधीपेक्षा जास्त वाफ धरली आणि आतला चकचकीत रिफ्लेक्टर पांढुरका पडला. शेवटी तो हेडलाइट पूर्ण बदलावा लागला, साडेचार हजार गेले.

त्या माणसाला मी दोष देत बसत नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. पण मग मी आणि माझा भाचा, तो डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, आम्ही दोघांनी बसून हे नीट समजून घेतलं, आणि जे कळलं ते बाकीच्यांना कळायला हवं असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे हेडलाइट हा हवाबंद डबा नसतोच. बल्ब पेटला की आतली हवा तापते, फुगते, विझला की आकसते, म्हणून कंपनीनेच मागे श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते, त्याला ब्रीदर म्हणतात, कुठे छोटी वाकडी रबरी नळी असते तर कुठे पातळ पडद्याचं झाकण. माझ्या गाडीला नेमकं तेच बुजवलं होतं! मग आतली ओल बाहेर जाणार कुठून. धुक्यातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर काचेवर आतून हलकी वाफ दिसली आणि लाइट लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर ती गेली तर काहीच करायची गरज नाही. थेंब ओघळत असतील किंवा खाली पाणी साठत असेल तरच गळती समजायची.

दुसरं, गळती बहुतेक वेळा पुढून नसतेच, मागून असते. बल्बच्या मागे जो रबरी बूट किंवा गोल कॅप असते ती बल्ब बदलताना नीट बसवलेली नसते, किंवा रबर जुनं होऊन चिरलेलं असतं, आणि हल्ली बाहेरून एलईडी बसवून घेतात त्यात मागे पंखा येतो मग कॅप बसत नाही म्हणून ती कापतात किंवा काढूनच टाकतात. माझ्या डावीकडच्या लाइटचा बूट फाटलेला होता. म्हणजे त्याला सीलंट (फट बुजवायचा चिकट मसाला) लागतच नव्हतं, एक नवीन बूट लागत होता!

सीलंटचा खरा प्रश्न आला तो उजवीकडच्या हेडलाइटला, कारण पार्किंगमध्ये कुणाची तरी बाइक धडकून काचेचा जोड एका कोपऱ्यात सुटला होता. आता ज्याला आपण काच म्हणतो ती काच नसते, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं, आणि मागची काळी बॉडी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे आपल्या घरातल्या डब्यांचं असतं तसलंच गुळगुळीत प्लास्टिक. त्याला सिलिकॉन धड चिकटत नाही, काही दिवसांनी सालपटासारखं निघून येतं. वर आणि ते एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही, आधी सगळं खरवडून काढावं लागतं. आणि तो आंबट वास येतो ना, ते अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, त्याची वाफ आत कोंडली की रिफ्लेक्टरवरचा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर खराब होतो, बल्बचे पॉइंटही गंजतात. सिलिकॉन लावायचंच झालं तर ट्यूबवर न्यूट्रल क्युअर (म्हणजे वाळताना ते आंबट अ‍ॅसिड न सोडणारं) लिहिलेलं बघून घ्या, तेही फक्त बाहेरून, आणि किमान २४ तास गाडी पावसात न काढता. झटपट चिकटणारा ग्लू तर अजिबात नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते. इपॉक्सी पुट्टी दगडासारखी कडक होते आणि आपल्या रस्त्यांवरच्या दणक्यांनी तडकते.

ज्या हेडलाइटला कंपनीतूनच काळं मऊ ताणलं जाणारं काहीतरी भरलेलं असतं ते असतं ब्यूटिल, एक प्रकारचं चिकट रबर. हेच पुन्हा भरायचं, ते टेपसारखं गुंडाळीत मिळतं. ते कधी कडक होत नाही, बॉडी तापली फुगली तरी सोबत ताणतं, आणि उद्या परत उघडायची वेळ आली तर गरम केलं की सुटतं. भाच्याने हेडलाइट गाडीवरून उतरवून बल्ब काढले, कडेने हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवत ठेवली, एका जागी धरली नाही कारण प्लास्टिक वाकतं, मग क्लिपा सोडवून काच सावकाश ओढली. खोबणीतलं जुनं काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं (थिनर किंवा पेट्रोल नाही, त्याने काचेला बारीक भेगा जातात), आतून दिवसभर वाळू दिलं, मग नवीन ब्यूटिल भरून परत गरम करून दाबलं आणि सगळ्या क्लिपा, स्क्रू लावले. ते लावायलाच लागतात कारण ब्यूटिल पाणी अडवतं, वजन धरत नाही. नंतर आत टिश्यू पेपर ठेवून दहा मिनिटं पाइपने पाणी मारलं, कागद कोरडा निघाला. यंदाच्या वळवाच्या पावसातही कोरडाच आहे.

काही नव्या गाड्यांचे हेडलाइट मात्र पॉलियुरेथेनने कायमचे चिकटवलेले असतात, ते गरम करूनही सुटत नाहीत, ओढाल तर फुटतील. तिथे जोड सुटला असेल तर विंडशील्ड बसवणाऱ्याकडे पीयू (म्हणजे पॉलियुरेथेनचंच) सीलंट असतं, त्याला दाखवा, फक्त प्लास्टिकला आधी प्रायमर (सीलंट धरावं म्हणून लावायचा पातळ थर) लावायला सांगा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा कितीतरी गाड्यांच्या हेडलाइटमध्ये गाळ गेला होता. तेव्हाही लोकांनी घाईघाईत आतली ओल तशीच ठेवून बाहेरून सिलिकॉन मारून घेतलेलं मी बघितलंय, आणि त्यातल्या काही गाड्या अजून तशाच अंधुक दिव्यांनी फिरतायत. अंधुक दिव्याने आपल्याला दिसत नाही ते आहेच, पण आतल्या थेंबांवरून उजेड विखुरतो तो समोरून घाट चढणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यात जातो.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या गाड्यांच्या पानावर नवीन मॉडेल आणि मायलेज यांच्यासोबत पावसाळ्यापूर्वी एकदा या विषयावर एखाद्या जाणकार मेकॅनिककडून सचित्र लिहून घ्यावं, ब्रीदर कुठे असतो हे फोटोत दाखवलं तरी खूप होईल. आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर नुसतं 'हेडलाइट सीलिंग' न लिहिता कोणतं सीलंट वापरलं तेही लिहावं, म्हणजे पुढच्या माणसाला ते उघडायचं कसं हे कळेल.

आपली एक वाचक,
चिपळूण